गाळपेरीच्या काठावर

ट्रायपॉडच्या पायांना अजून वाळलेला गाळ चिकटलाय. नखानं खरवडला की त्याची करडी पूड होते आणि एक ओलसर, जुनाट वास येतो. पाणी मागं सरकल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीला येतो तो. त्या वासानं मला थेट प्रवरासंगमाच्या खाली, धरणाच्या फुगवट्यावर नेऊन उभं केलं.

त्या हिवाळ्यात मी नदीकाठची गावं पालथी घालत होतो. कोपरगाव, पुणतांबा, मग आणखी खाली. मला हवा असायचा निवांत काठ आणि वर भरपूर आभाळ. चौकटीत माणूस आला की माझं डोकं फिरायचं. तो निघून जाईपर्यंत बगळ्यासारखा उभा राहायचो. त्यात मी मुळातला संशयी. कुणी साधं ‘कुठलं गाव?’ विचारलं तरी वाटायचं, याच्या मनात काय आहे?

तिथं पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात गाळपेरीचा हरभरा घाट्यांवर आला होता. ऊन सुरेख कललं होतं, आणि नेमकी मधोमध एक म्हातारी, हातात खुरपं घेऊन माझ्याकडं टक लावून! मी बाजूला सरकलो, तीही सरकली. पुन्हा सरकलो, पुन्हा तेच. ही मुद्दाम करतेय, आता चार माणसं गोळा करणार, असं वाटून मी गुपचूप बॅगेची चेन लावली. तोवर ती समोर येऊन ठाकली.

“काय मोजिताय?”

“मोजत नाही मावशी, नदीचा फोटो काढतोय.”

“फोटोला तिपाई कशाला लागती? मोबाईलवर न्हाई व्हय निघत?”

मी घाईनं तिपाई मिटायला घेतली, आणि तिचा संशय पक्का झाला. तिनं तिथंच बसकण मारली आणि सांगू लागली. ती पोर असताना असाच एक साहेब तीन पायांचं यंत्र घेऊन त्यांच्या मळ्यात मोजणीला आला होता. आईनं त्याला गूळपाणी दिलं, बापानं ते यंत्र खांद्यावर वाहिलं. पुढं धरण झालं आणि मळा, घर, गाव, सगळं याच पाण्याखाली गेलं. “आमीच गूळ ठेवला त्याच्या हातावर,” ती म्हणाली. आता पाणी उतरलं की उघडा पडणारा हा तुकडा ती पेरते. तो तिच्या नावावर नाही, सरकारचा आहे. कुण्या साहेबानं पडीक म्हटलं, की गेला.

तिची खात्री पटावी म्हणून मी सकाळपासूनचे फोटो दाखवले. तिनं डोळे बारीक करून एकेक पाहिला.

“ह्यात मानूस न्हाई, ढोर न्हाई. कुनीबी म्हनंल, जागा रिकामीच हाय.”

मला राग आला, खरं सांगतो. एवढी मेहनत, आणि ही बाई काय बोलतेय! ती मात्र उठली, पदर डोक्यावर घेतला आणि हरभऱ्यात जाऊन ताठ उभी राहिली.

“आता काढा. पिकासकट येऊ द्या.”

काढला. ऊन तोंडावर आल्यानं तिचे डोळे मिटल्यासारखे झालेत आणि निम्मी नदी तिच्याआड गेलीय. रचना म्हणाल तर पार फसलेली. पण तेव्हापासून माझं काहीतरी बिघडलंय. कुठंही संथ, रुंद, देखणं पाणी दिसलं की कॅमेऱ्याकडं हात जायच्या आधी मनात संशय येतो, इथं खाली कोण राहत होतं?