भागामावशीच्या नावावरची ओवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगतेय? – माहीत नाही. पण वर्गात कविता शिकवताना मध्येच जीभ अडते अलीकडे. बसवत नाही, उठवत नाही.

मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, जुन्नरला राहून. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला मोठ्या ऐटीत विषय घेतला – डोंगरातल्या बायकांच्या ओव्यांचं इंग्रजी भाषांतर. चाळीस ओव्या. सर खूश. ओव्या सांगणारी कोण, तेही ठरलेलं होतं. भागामावशी. आईची बालमैत्रीण, डिंभ्याच्या धरणावरच्या वाडीत राहणारी.

चार खेपा केल्या. मावशी नाचणी निवडता निवडता म्हणायची, मी फोनवर रेकॉर्ड करायची. सव्वीस झाल्या. भावाच्या, बैलाच्या, दोन्ही मुलांच्या. चौथ्या दिवशी ती थांबली, रेकॉर्डिंग चालूच होतं.

"आता पोरीवरच्या राहिल्यात. आमच्या मंगलच्या. त्या अशा घाईत न्हाई म्हनायच्या, बाई. बेस्तरवारी ये, निवांत म्हनते."

"येते," म्हटलं.

गेले नाही.

आजारी होते? नाही. एसटी चुकली? – तिकडच्या गाड्यांचं काही खरं नसतं, पण त्या गुरुवारी मी स्टँडवर गेलेच नव्हते. कंटाळा आला होता. घोडेगावला ताटकळायचं, पुढं जीपमध्ये कोंबून घ्यायचं, आणि ऐकायचं काय, तर तेच ते. हो, असंच वाटलं होतं मला. तेच ते.

उरलेल्या चौदा मी घरी बसून केल्या. कशा? – आधी इंग्रजी लिहिलं. सरांना काय आवडतं ते ठाऊक होतं. मग त्यावरून मराठी जुळवली, आणि प्रत्येकीखाली लिहिलं : सांगणार, भागाबाई. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमकी त्यातलीच एक मोठ्यानं वाचली.

लेक माझी गं चांदणी, गेली डोंगराच्या पार
तिच्यासाठी गं उघडं, माझ्या काळजाचं दार

काळजाचं दार! मावशीच्या ओव्यांत बांगडी असायची, कासरा असायचा, भावानं आणलेलं लुगडं असायचं. असलं दार एकाही ओवीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, किती अस्सल आहे. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असेल.

पुढच्याच वर्षी मावशी वारली. दहाव्याचा विधी उरकला, नदीवरून माणसं पांगायला लागली, तेव्हा मंगल माझ्याजवळ आली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सातवीतच शाळा सुटलेली, बेल्ह्याला दिलेली.

"आईच्या ओव्या तू लिवून घेतल्या व्हत्यास ना गं? माझ्यावर म्हनली व्हती का एखादी? भावांवरच्या लई ऐकल्या मी. माझी कधी न्हाई ऐकली."

काय सांगायचं होतं मी? काय सांगता आलं असतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. पण मी ती चांदणीची ओवी म्हटली. मंगलनं पदर तोंडाला लावला. पुन्हा म्हणायला लावली. मग विचारलं, "अजून हायेत का?"

"नाही," मी म्हटलं. "एवढीच."

त्या वेळी फोन माझ्या हातातच होता. त्यात तिच्या आईचा आवाज होता, तिचं नाव घेणारा – आमच्या मंगलच्या. तेवढं वाजवलं असतं, तरी तिला पुरलं असतं. पण मग तिनं विचारलं असतं, "बेस्तरवारी गेली व्हतीस का?" म्हणून मी फोन पिशवीत टाकला. त्यानंतर दोनदा फोन बदलला. ती फाइल दर वेळी नव्या फोनमध्ये घेते. ऐकत नाही. पुसत नाही. मंगलला देत नाही.

आणि त्या गुरुवारी मावशी काय म्हणणार होती, ते आता कुणालाच कळणार नाही.

वर्षश्राद्धाला दारात फ्लेक्स लावला होता. मावशीचा फोटो, आणि खाली माझी ओवी. जेवणं झाल्यावर मंगल ती म्हणायला लागली, आईच्या चालीत. पहिली ओळ तिनं एकटीनं म्हटली. दुसरी सगळ्या बायकांनी उचलली.

मीही म्हटली.