कमरेला बांधलेलं बी

मी वरोऱ्याकडची. काळ्या मातीत वाढलेली, कापसाच्या गंजीवर उड्या मारलेली. लग्न होऊन बल्लारपूरच्या खाली, वर्धा नदीच्या काठी आले, तेव्हा सासरचं शेत दाखवतो म्हणून मला नदीच्या पात्रात नेलं. समोर बघते तर नुसती वाळू! मी तिथंच बोलून गेले, "बाप्पा! हे शेत होय?" आमचे हे इतके हसले की पलीकडच्या वाडीतली माणसं उठून बघायला लागली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. खाली बसल्या, कोपरभर वाळू उकरली आणि माझा हात धरून आत खुपसला. बोटांना गार पाणी लागलं. "हे शेत होय," म्हणाल्या.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचा जीव त्या वाळूत होता. नदीतल्या टरबुजाच्या मळ्याला आमच्याकडे डांगरवाडी म्हणतात. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की वाळू मोकळी होते. मग रांगेनं खड्डे खणायचे, ओल लागेपर्यंत. खड्ड्यात शेणखत भरायचं, वाऱ्यानं वाळू उडू नये म्हणून तुराट्यांचे कूड लावायचे आणि वेल जमीन धरेपर्यंत घागरीनं पाणी घालायचं. पावसाळ्यात नदी सगळं पुसून नेणार आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवा गाळ, नवी वाळू. आत्याबाई म्हणायच्या, आमची मालकीण दर साली शेत धुऊन देते.

त्यांचे नियम कडक होते. पेरणी तीनदा करायची, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं. "सारं एकदम पिकलं तं बजारात कोण पुसते? थोडं थोडं आलं पाह्यजे." आणि एका वेलाला दोनच फळं. बाकीची कोवळी असतानाच खुडायची आणि भाजी करायची. मला बाई ते बघवायचं नाही. एकदा मी पानाआड तिसरं फळ लपवून ठेवलं. ते वाढलं कवठाएवढं, आणि शेजारच्या दोन फळांनाही त्यानं वाढू दिलं नाही. आत्याबाईंनी ती तिन्ही माझ्या पदरात टाकली आणि म्हणाल्या, "जा, इक आता." मी तेव्हा फणकारले, पण कानाला खडा लावला.

एका कामाला मात्र मला हात लावू देत नसत. ते म्हणजे बी.

टरबुजाचं बी पौषातल्या थंडीत आपलं आपण उगवत नाही. ते रात्रभर भिजवायचं, ओल्या फडक्यात पुरचुंडी करायची, वर पळसाचं पान गुंडाळायचं आणि लुगड्याच्या आत पोटाशी बांधायचं. तीन-चार दिवस ती पुरचुंडी अंगावरच. अंगाच्या उबेनं बियाला मोड येतात, मग एकेक बी खड्ड्यात. हे काम बाईचं, आणि तेही लेकुरवाळ्या बाईचं. काठावरच्या सगळ्या वाड्यांत हीच रीत. आत्याबाईंना पाच लेकरं, चार पोरी आणि शेवटचे आमचे हे, म्हणून आमच्या घरचं बी त्यांच्या पोटाशी. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि कूस रिकामी. मी शेण वाहायचं, पाणी वाहायचं. बियापासून दूर राहायचं.

त्या वर्षी दिवाळीत आत्याबाईंचे मोठे भाऊ आले. त्यांना मी मामाजी म्हणायची. माझ्यासमोरच त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, "एक पोरगी आहे पाह्यण्यात. चैतात येतो, बोलणी करून टाकू. वंश चालला पाह्यजे ना." म्हणजे मला सवत आणायची. आमचे हे मान खाली घालून बैलाचा दोर वळत बसले. असा राग आला म्हणता! आत्याबाई फक्त म्हणाल्या, "पाहू." नाही म्हणाल्या नाहीत. तो "पाहू" माझ्या छातीत काट्यासारखा रुतून बसला.

पौषात त्यांनी पहिल्या पेरणीचं बी बांधलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना हिवतापानं धरलं. थंडीनं दात वाजायचे, मग अंग तापायचं, मग घामानं लुगडं भिजून जायचं. पुरचुंडी सोडली तर नुसता आंबूस वास. सगळं बी सडलेलं. आत्याबाई ते फडकं हातात धरून बसून राहिल्या. आजारापेक्षा त्याचंच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या पेरणीचं बी भिजत घातलं होतं. ताप एक दिवसाआड येतच होता. शेजारच्या वाडीतली बाई, पाच-सहा लेकरांची आई, आपणहून आली. मनानं वाईट नव्हती, पण तोंडानं फटकळ. "आण मायापाशी, मी बांधतो. सुनेले नको देऊ बाई, बी मरन." मी चुलीपाशी होते. वाटलं, जळतं लाकूड घेऊन उठावं.

आत्याबाई गोधडीतून म्हणाल्या, "तुयं तुले रगड आहे वं. जाय तू." ती गेल्यावर मला हाक मारली, "पोरी, इथी ये." आणि भिजलेल्या बियाची पुरचुंडी करून त्यांनी ती माझ्या पोटाशी बांधली. गाठ दोनदा सुटली. मी घाबरून म्हटलं, "आत्याबाई, नाई उगवलं तं?" त्यांनी गाठ तेवढी घट्ट ओढली.

नाही उगवलं तर काय, ते मला सांगायची गरज नव्हती. मामाजींना मग तोंड उघडावंच लागलं नसतं. सगळा काठच म्हणाला असता, हिच्या अंगाशी बीसुद्धा रुजत नाही.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. वाकायची नाही, धावायची नाही, घागर डोक्यावर घेतली तरी पाऊल जपून. पाणी शिंपडून फडकं ओलं ठेवायचं, पण फार नाही. आणि बियांशी बोलायची, खरंच सांगते. आधी लाडानं, मग शिव्या देऊन. "उगवा रे मेल्यांनो, काऊन छळून राह्यले मले?" ह्यांनी एकदा ऐकलं आणि विचारलं, "कोणाशी बोलून राह्यली?" मी म्हटलं, "तुमच्याशी तं नाई. तुमच्याशी बोलून काय उपेग?" दुसऱ्या दिवसापासून घागरी त्यांनीच वाहिल्या.

तिसऱ्या दिवशी मी हळूच बघितलं. काही नाही. काळं बी जसंच्या तसं. गाठ पुन्हा तशीच बांधली.

चौथ्या दिवशी सकाळी, ऊन अंगणात आल्यावर, आत्याबाईंसमोर बसून गाठ सोडली. पळसाचं पान बाजूला केलं, फडकं उलगडलं. एकेका बियाला पांढरी चोच फुटली होती. एकाला नाही, दोनांना नाही, फडकंभर सगळ्यांना! मी तोंडात पदर कोंबला आणि रडले. आत्याबाईंनी एक बी उचललं, डोळ्याजवळ नेऊन बघितलं, परत ठेवलं. "तिसरंबी भिजत घाल," म्हणाल्या. बस, एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. मला मनातून राग आला त्यांचा.

तिसरंही उगवलं. पहिली पेरणी बुडाली म्हणून माल आठ दिवस उशिरा आला, पण आला तो चांगला आला. तेव्हा बल्लारपूरला कागदाची गिरणी नवीनच निघाली होती. कोळशाच्या खाणीतली माणसं, गिरणीतली माणसं, उन्हानं कावलेली. आमची बैलबंडी बाजारात थांबायचा अवकाश की भोवती गर्दी. आत्याबाई फळ टिचकीनं वाजवायच्या आणि कच्चं असेल तर गिऱ्हाइकाला देतच नसत. "हे नको नेऊ. पुढच्या बजारी ये." म्हणूनच लोक परत यायचे. नदीपलीकडची तेलुगू माणसंसुद्धा आमचीच बंडी शोधत यायची.

चैत्रात मामाजी आले ते थेट वाडीवर. राखणीच्या खोपडीच्या सावलीत बसले. मी कुडाआड, हातात पाण्याचा गडवा. आत्याबाईंनी टरबूज कापलं, फोडी पुढं केल्या आणि एक ताटली ठेवली. "बी इथी टाक दादा. फेकू नको."

मामाजींनी दोन फोडी खाल्ल्या. मिशांवरून रस गळत होता. "साखर आहे वं. बी जुनंच का?"

"बी जुनंच. पण औंदा मायापाशी सडलं. हे सुनेनं उगवलं."

मामाजींचा हात थांबला. मग म्हणाले, "असन. पण बी येगळं अन् लेकरू येगळं, बाई."

आता सांगते, ते बरोबरच बोलले होते. बियाला ऊब लागते, बाकी काही नाही. पण तेव्हा वाटलं, संपलं.

"येगळंच आहे ना," आत्याबाई म्हणाल्या. आवाज शांत. "तेच म्हणून राह्यली मी. बी उगवाले लेकुरवाळीच लागते, असं सारे म्हणत. मीबी जलमभर म्हणत होती. ते खोटं निघालं. आता घराले लेकरूच लागते, हेबी तसंच असन. दुसरी पोरगी पाह्यची असन तं आपल्या घरासाठी पाह्य. माया घरात सून आहे."

आत्याबाईंनी आणखी एक फोड मामाजींच्या हातात दिली. त्यांनी ती निमूट खाल्ली आणि एकेक बी ताटलीत टाकलं.

मी गडवा वाळूत ठेवला. चार वर्षं त्या घरात मी उकिडवीच बसत होते, कोणी ऊठ म्हणालं तर उठता यावं म्हणून. त्या दिवशी कुडाआड पाय पसरून बसले.