सकपाळमामांचा फायरआबेंट

सकपाळमामांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या अंगठ्यामुळे झाली. महाडच्या एका छोट्या रुग्णालयात मी नर्स होते. कोयता लागलेला अंगठा पंच्यात गुंडाळून ते आत आले, स्टुलावर बसले आणि मी जखमेला हात लावणार तोच म्हणाले, "आजाऱ्यांच्या बहिणी, आधी हातांत जोडे घाल." रक्त बरंच गेलं होतं, त्यामुळे म्हातारा बरळतोय असंच मला वाटलं. मी रबरी हातमोजे चढवले, तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "हां. हांडशू."

तो शब्द ऐकून माझ्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. दीड वर्ष मी जर्मन शिकत होते. हातमोज्याला हांडशू म्हणतात आणि नर्सला क्रांकनश्वेस्टर, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण हांड म्हणजे हात, शू म्हणजे जोडा, क्रांक म्हणजे आजारी आणि श्वेस्टर म्हणजे बहीण, एवढं माहीत असूनही त्या शब्दांच्या आत डोकावून बघावं असं मला कधी सुचलं नव्हतं. टाके घालून होईपर्यंत मामांनी मला कासवाला जर्मन लोक 'ढालवाला बेडूक' म्हणतात आणि विजेच्या बल्बला 'उजेडाचं नासपती', हेही सांगितलं. जाताना म्हणाले, "शब्द पाठ करायचा नसतो गो. फणसासारखा फोडायचा. आत गरे असतात."

मामा वरंधच्या बाजूचे. अठराव्या वर्षी मुंबईला गेले आणि एका छापखान्यात लागले. तिथे जर्मनीहून एक भलं मोठं यंत्र आलं आणि ते बसवायला रायनर नावाचा मेकॅनिक आला. त्याला मराठी येत नव्हतं, मामांना जर्मन येत नव्हतं आणि इंग्रजीच्या नावाने दोघांचाही आनंदच होता. एकाने पान्ह्याकडे बोट दाखवायचं, दुसऱ्याने नाव सांगायचं, असं आठ महिने चाललं. पुढे मालकाने मामांना दुरुस्ती शिकायला रायनरच्या गावी सहा महिने पाठवलं. निवृत्त होऊन ते गावी परतले, भात लावू लागले, गाय पाळली, पण जर्मन काही अंगातून गेलं नाही.

त्याचा ताप गावाला झाला. ग्रामसभेत कुणी लांबण लावली की मामा मागून म्हणत, "मला नुसतं वीर स्टेशन कळतंय." काहीच कळेनासं झालं की जर्मन माणूस म्हणतो, मला फक्त 'स्टेशन' एवढंच समजतंय. मामांनी त्याला आपलं जवळचं स्टेशन जोडून दिलं आणि आता अर्धं गाव तसंच बोलतं. कुणाचं नशीब फळफळलं की जर्मन म्हणतात, त्याला डुक्कर मिळालं. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मामांनी भर सुपारीत नवऱ्या मुलाच्या बापाची पाठ थोपटली आणि म्हणाले, "डुक्कर मिळालं हो तुमाला." पाहुणे उठायलाच निघाले होते. मामींनी दोन वेळा चहा केला, डुकराचा अर्थ तीन वेळा समजावून सांगितला, तेव्हा कुठे सुपारी फुटली.

माझं दुखणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. मी पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीतली. जर्मनीतल्या एका रुग्णालयात जाणाऱ्या नर्सेसच्या यादीत माझं नाव होतं. परीक्षेचे चार भाग असतात. वाचन, लेखन, ऐकणं हे तिन्ही मी पहिल्या फटक्यात सोडवले. बोलण्यात दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा नापास झाले तर नाव यादीतून जाणार होतं. आमच्या वाडीतून पहिल्यांदाच कुणी मुलगी एवढ्या लांब निघाली होती आणि आईने ते सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. टाके काढायला मामा आले तेव्हा मी लाज सोडून त्यांना शिकवा म्हणाले. त्यांनी अंगठा हलवून बघितला आणि म्हणाले, "ह्या हाताचं काम केलंस, तर तुझ्या जिभेचं मी करतो."

आठवड्यातून तीन संध्याकाळी ते सहा आसनी रिक्षाने महाडला येत. माझी ड्यूटी सुटली की आम्ही चवदार तळ्याच्या काठावर बसत असू. कामाचा दिवस संपल्यावर जी मोकळी सांज उरते, तिला जर्मनमध्ये खास शब्द आहे, फायरआबेंट. सणाची संध्याकाळ. मामांचा हा सगळ्यात लाडका शब्द. "आपल्याकडं काम संपतं, पण त्याला सण कोण म्हणत नाय," असं ते म्हणत आणि खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढत. महिनाभर आम्ही बोललो. माझे उच्चार सुधारले, शब्द भराभर येऊ लागले. मामांच्या कपाळावरची आठी मात्र जाईना. कुठेतरी अडतंय, पण कुठे ते कळत नाही, असं ते म्हणत.

ते कळलं त्यांच्याच घरी. एका रविवारी त्यांनी मला गावी बोलावलं. सकाळपासून माझ्या पोटात एका चहाशिवाय काही नव्हतं. ओटीवर पाय ठेवताच मामींनी विचारलं, "जेवलीस काय गो?" मी म्हटलं, "हो, जेवूनच निघाले." आपल्याकडे परक्या घरी पहिल्या हाकेला असंच म्हणायचं असतं, आईने लहानपणापासून शिकवलेलं. मामी बिचाऱ्या साध्या, त्यांनी आग्रह केला नाही. त्यांनी मामांना वाढलं. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाची उसळ. मी समोर बसून जर्मन वाक्यं म्हणत राहिले आणि माझ्या पोटाने असा काही आवाज काढला की गोठ्यातल्या गाईने मान वळवली.

मामांनी घास खाली ठेवला. "आता परीक्षेत काय झालं ते सांग," म्हणाले. मी सांगितलं. या परीक्षेत दोघांना समोरासमोर बसवतात आणि मिळून काहीतरी ठरवायला सांगतात. जोडीदाराने एक सुचवायचं, आपण दुसरं सुचवायचं, त्याचं पटत नसेल तर का पटत नाही ते सांगायचं. दोन्ही वेळा मी जोडीदाराच्या प्रत्येक बोलण्यावर 'या, गुट' म्हटलं होतं. हो, छान. नंदीबैलासारखी मान हलवून बाहेर आले होते.

"तुला जर्मन येतंय गो," मामा म्हणाले. "तुला नाय म्हणता येत नाय."

मी रडले. कारण ते खरं होतं. घरी वडिलांना हो, भावाला हो, वॉर्डात डॉक्टरांना हो. मामींनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मामा म्हणाले, जर्मनमध्ये म्हण आहे, मांजर गरम पेजेभोवती फिरतं तसं फिरू नये. "तू बारा गावं फिरशील, पण पेजेला तोंड लावायची नायस."

त्या दिवसापासून शिकवणी बदलली. मामा तळ्याकाठी बसून धडधडीत खोटं बोलत आणि मी जर्मनमध्ये 'नाइन', म्हणजे नाही, म्हणून ते खोडून काढायचं. महाडात बर्फ पडतो. नाइन. सावित्री नदी डोंगर चढून जाते. नाइन. हे सोपं होतं. मग ते म्हणत, मी म्हातारा आहे, तू लहान आहेस, म्हणून मी सांगतो ते बरोबर. तिथे माझी दातखीळ बसायची. एकदा मला पुस्तकात 'याइन' असा शब्द सापडला. या आणि नाइन, हो आणि नाही या दोघांचं मिळून एकच पोर. मला तो इतका आवडला की मी सगळ्याच प्रश्नांना तेच उत्तर देऊ लागले. मामांनी त्याच्यावर बंदी घातली. म्हणाले, हा शब्द तुला पास झाल्यावर बक्षीस.

वडीलधाऱ्यांना नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा, असं मी एकदा म्हटलं. मामांनी पाण्याकडे बोट दाखवलं. "ह्या काठावर माणसं आली, पाणी प्याली आणि चालत आलेल्या रीतीला नाय म्हणाली," ते म्हणाले. "आणि तू हितंच बसून घाबरतेस." मग त्यांनी रायनरची गोष्ट सांगितली. मालकाला दसऱ्याच्या मुहूर्तावर यंत्र चालू करायचं होतं, हार-नारळ आले होते, आणि रायनर म्हणाला, नाइन, एक बोल्ट अजून बसला नाही. मालक दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी ते आणि रायनर एकाच किटलीतला चहा पीत होते. "नाय म्हटल्यानं च्या तुटत नाय," मामा म्हणाले. हे वाक्य जर्मन नाही, त्यांचं स्वतःचं आहे.

मी तिसऱ्यांदा फॉर्म भरायला गेले तेव्हा मामाही बरोबर आले आणि माझ्या मागोमाग त्यांनी स्वतःचाही फॉर्म भरला, फक्त बोलण्याच्या भागाचा. आयुष्यभर बोललो, एखादा कागद तर असू दे घरात, म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. परीक्षा पुण्याला होती. वरंध घाटातून भोरमार्गे आम्ही गेलो. मामींनी भाकऱ्या बांधून दिल्या होत्या आणि गाडीत मामांनी विचारलं, "भूक लागली?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, हे झालं अर्धं काम.

केंद्रावर जोड्यांची यादी लावली होती. आमचे नंबर लागोपाठचे होते, त्यामुळे माझ्या नावासमोर सकपाळ हेच नाव होतं. मी मामांकडे पाहिलं. ते शांतपणे चष्मा पुसत होते.

आत दोन परीक्षक होते, एक बाई आणि एक गृहस्थ. विषय निघाला, नोकरी सोडून जाणाऱ्या सहकारी बाईंना निरोप द्यायचा आहे, कार्यक्रम ठरवा. मामांनी सुरुवात केली. आपण हा समारंभ रविवारी पहाटे पाच वाजता करू, म्हणाले. माझ्या तोंडून सवयीने 'या, गुट' निघालं. मामा पुढे म्हणाले, ठिकाण रेल्वे स्टेशन. मी मान हलवली. पाहुण्यांनी आपापल्या खुर्च्या घरून आणाव्यात, मामा म्हणाले. परीक्षक बाईंनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. यादी, आई, वाडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. टेबलावर मामांची मूठ होती आणि तो टाके पडलेला अंगठा त्यांनी मुठीत दाबून धरला होता. आपण 'देव पाठीशी आहे' म्हणतो, तिथे जर्मन माणूस दुसऱ्यासाठी आपला अंगठा दाबतो.

"नाइन," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "नाइन, हेर सकपाळ. तुमच्या डोळ्यांवर टोमॅटो आहेत का?"

हेर म्हणजे श्रीयुत. आणि समोरची गोष्ट दिसत नसली की जर्मन लोक असंच विचारतात, आणि तेही मला मामांनीच शिकवलं होतं. मग मी थांबलेच नाही. रात्रपाळीची माणसं सहाला सुटतात, ती पाचला कशी येतील? म्हाताऱ्या माणसांनी खुर्च्या का उचलायच्या? रविवारी दुपारी चार वाजता, रुग्णालयाच्या बागेत, खुर्च्या तिथे आहेत. मामा हटेनात. स्टेशनवर चहा मिळतो, म्हणाले. मी म्हटलं, चहा मी घरून आणीन. त्यांनी आणखी दोनदा वाद घातला, मी दोनदा खोडून काढला आणि शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले. तुमचं बरोबर आहे, असं ते जर्मनमध्ये म्हणाले. गंभीर चेहऱ्याच्या त्या बाई मान खाली घालून हसत होत्या.

आम्ही दोघेही पास झालो. बोलण्यात मला मामांपेक्षा जास्त गुण होते. आमची दोन्ही प्रमाणपत्रं त्यांनी महाडच्या एसटी स्टँडवर भेटेल त्याला दाखवली आणि प्रत्येकाला सांगितलं, पोरीनं मला हरवलं. आमच्या वाडीत आईने पेढे वाटले, तेव्हा पहिला पेढा मामांनी तोंडात टाकण्याआधी अंगठ्याला नैवेद्यासारखा दाखवला. लागोपाठचे नंबर ठरवून मिळवले होते का, असं मी विचारलं तर म्हणाले, "डुक्कर मिळालं."

निघायच्या दिवशी ते मला वीर स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी येताना दिसली तेव्हा मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, जर्मनमध्ये म्हणतात, सगळ्याला एकच शेवट असतो, फक्त सॉसेजला दोन असतात. पण मामी बरोबर होत्या आणि सॉसेज काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून मामांनी दुरुस्ती केली, "पडवळाला दोन टोकं. येका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला आम्ही." मी याइन म्हणाले. आता तो शब्द माझ्या मालकीचा होता.

इथे जर्मनीत येऊन मला वर्ष होत आलं. गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डातल्या एका आजींना घरी सोडायचं ठरलं. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर सही केली. सकाळी मी आजींना मोजे घालत होते, तेव्हा त्यांची डावी पोटरी मला सुजलेली आणि गरम लागली. डॉक्टर दारात होते, मागे चार शिकाऊ डॉक्टर, सगळ्यांना घाई. मी म्हणाले, "नाइन, हेर डॉक्टर. आज नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोटरीकडे. तपासणी केली, रक्ताची गाठ निघाली, आजी राहिल्या आणि बऱ्या झाल्या. त्या दुपारी डॉक्टरांनी मला कॉफी आणून दिली. चहा तुटला नाही.

ड्यूटी सुटल्यावर मी मामांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आवाज मोठा होता काय?"

"होता."

"मग आज माझा फायरआबेंट," मामा म्हणाले. तेवढ्यात मामींनी फोन घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, जेवलीस काय गो?

"नाय मामी," मी म्हणाले. "सकाळपासून उपाशी आहे."

मामी हसू लागल्या आणि ओटीकडे तोंड करून ओरडल्या, "आयकलंत काय? नाय म्हणाली."