लिंबावरच्या नऊ अळ्या

गॅलरीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अकरा अळ्या होत्या. आठवड्यात झाड बोडकं झालं. "अहो, तुमच्या पाहुण्यांनी फोडणीला पान ठेवलं नाही," बायको म्हणाली. या जातीच्या अळ्या लिंबावरही वाढतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी सगळ्या शेजारच्या कुंडीतल्या लिंबावर सोडल्या.

त्यांतल्या दोघींनी पानं कुरतडली. नऊ जणी कोवळ्या पानांवर नुसत्या बसून राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सुकून गळून पडल्या. अंडी एकाच मादीची. घालताना मी पाहिली होती. दोघींत उपजतच काहीतरी वेगळं आलं होतं, नऊ जणींत नव्हतं. त्यात त्यांची चूक काय?

महिन्यापूर्वी मी आईला गावाहून इथे आणलं. ती गॅलरीत बसून हे पाहत होती.

"पान समोर असून उपाशी मेल्या, आई," मी म्हणालो.

"समोर होतं रे," ती म्हणाली, "पण त्यांना ते अन्न वाटलं नसेल."

दुपारी तिच्या ताटात दोनातली दीड पोळी तशीच होती. कढीपत्त्याला महिन्याभरात पालवी फुटेल. गावचं घर मात्र मी विकून टाकलं आहे.