कोहळ्याची मारबत

पोळा जवळ आला की कारध्याच्या आमच्या गल्लीत ओल्या बांबूचा वास दरवळू लागतो. शेजारचे शालिकभाऊ अंगणात बसून बांबू चिरून कमच्या काढत असतात, आणि त्या हिरव्या, किंचित कडवट गंधात वैनगंगेच्या गढूळ पाण्याचा आणि पलीकडच्या बांध्यांत उभ्या असलेल्या धानाचा कोवळा वास असा काही मिसळून जातो, की डोळे मिटूनही भाद्रपद उंबरठ्याशी आल्याचं कळावं. त्या वासाला माझ्या मनात आता एक आकार कायमचा चिकटला आहे. गोल गरगरीत, एकडोळ्या, आखूड पायांचा. तो माझ्या लेकीच्या मोबाईलमधल्या खेळातून आला, आणि त्याचं नाव कोहळ्या.

खेळ अगदी साधा. एक छोटी मुलगी विटांच्या ओट्यांवरून उड्या मारत पुढे पुढे जाते, वाटेत फुलं वेचते, आणि दर दोनचार ओट्यांनंतर तिच्या वाटेवर हा उभा असतो. उभा म्हणजे चालत असतो. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुरुतुरु जायचं, कडेशी पोचल्यावर श्वास घेतल्यागत क्षणभर थांबायचं, आणि पाठ फिरवून पुन्हा तीच वाट धरायची, एवढंच त्याचं आयुष्य. त्याला धक्का लागला की मुलगी पार पहिल्या ओट्यावर जाऊन पडते. नेमकी त्याच्या डोक्यावर उडी पडली, तर मात्र तो फुस्स करून चपटा होतो. खेळ करणाऱ्यांनी त्याला नाव दिलेलं नव्हतं. रेवानं दिलं, बाजारातल्या कोहळ्यासारखा दिसतो म्हणून.

रेवा सातवीत आहे. पावसाळी गारठ्यात, कधी नुसत्या दगदगीनं, तिच्या पायांत, पाठीत, बोटांच्या पेरांत दुखणं उठतं, आणि ते उठलं की माझी एरवी चिमणीसारखी बडबडणारी पोर ओसरीवरच्या बाजेवर चादर गुंडाळून गप्प बसते. त्या लांबलचक दुपारी मी तिला मोबाईल देते. शाळेत मी मराठी शिकवते आणि पालकसभेत मोबाईलच्या दुष्परिणामांवर तावातावानं बोलते, पण दुखणाऱ्या लेकराच्या बाजेशी बसल्यावर आपली भाषणं आपल्यालाच फोल वाटतात.

या दुखण्याला नाव आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ते आम्हाला समजावून सांगितलं होतं: रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाटांतून जाताना अडकतात, आणि मग वेदना सुरू होते. सिकलसेल. अर्धा वाटा बापाकडून, अर्धा आईकडून. औषधं घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, थंडीपासून जपायचं, आणि त्याच्यासोबत राहायला शिकायचं. मी सगळं ऐकलं, पण घरी येताना पुलावरून नदीकडे पाहत एकच विचार करत राहिले, की जिच्या दुखण्यापायी मी दारोदार फिरायला तयार आहे, तिला ते मीच दिलं आहे. हे जवाहरनगरच्या फॅक्टरीतून बसनं घरी आले, मी सांगितलं, त्यांनी हातपाय धुतले, आणि फार न बोलताच आमचं ठरलं की गल्लीत हे कुणाला कळू द्यायचं नाही. पोरीची जात, उद्या स्थळं पाहायची वेळ येईल. लोकांना सांगायला 'अशक्तपणा' हा शब्द बरा होता. घरातसुद्धा आम्ही त्याला 'तिचं ते' म्हणू लागलो. वर्गात योग्य शब्दासाठी मुलांच्या मागे लागणारी मी, माझ्याच घरात एक शब्द वर्षानुवर्षं टाळत होते.

श्रावण सरत आलेल्या अशाच एका दुपारी मी तिच्याजवळ भाजी निवडत बसले होते. खेळातली मुलगी कोहळ्याच्या ओट्याशी येऊन थांबली होती आणि रेवा काहीच करत नव्हती. तो आला, थांबला, वळला, गेला. पुन्हा आला. मला राहवलं नाही.

"अवं, मार ना त्याले. का पाहून राहिली?"

"मारून का होते, आई?" तिनं मान वर केली नाही. "पुढं जाऊन वापस आलो का तो पुन्हा तेथंच राह्यते. तो मरत नाही. तो कुठून कुठंवर चालते, ते पाहून घ्यावं लागते."

"मंग पाहून घेतल्यावर?"

"मंग त्याच्या वरून उडी मारता येते. पहिले मले लय भेव वाटे त्याचं. नाव ठेवलं न, तेव्हापासून नाही वाटत."

मी हसले आणि भाजी घेऊन आत गेले. खरं सांगायचं तर मला ते उत्तर आवडलं नव्हतं. माझ्या पोरीच्या वाटेत जे जे आडवं येतं ते चपटं व्हावं, कायमचं, असं मला वाटत होतं, आणि ही मात्र त्याची चाल शिकत बसली होती.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत निघते. जुनी माणसं तिला नारबोदही म्हणतात. बांबू, गवत, चिंध्या यांची एक अक्राळविक्राळ आकृती करायची, तिच्या पोटात घरोघरचं जुनंपानं भरायचं, आणि साऱ्या गावाची रोगराई तिच्या डोक्यावर घालून तिला शिवेवर नेऊन जाळायचं. वाटेनं जो तो आपापल्या पिडेचं नाव घेऊन ओरडतो, आणि बाकीचे सूर मिळवतात: घेऊन जाय गे मारबत. आमच्या गल्लीची मारबत शालिकभाऊ करतात. ते मूळचे आंधळगावचे, कोशाच्या रेशमाची साडी विणणारे. त्यांच्या माजघरातल्या मागाचा खटखटाट हाच आमच्या भिंतीचा आवाज. माग थांबवून चार दिवस ते मारबतीत रमतात, आणि चेहरा कुणाचा करायचा हे दरवर्षी पोरांना विचारतात.

यंदा रेवानं चित्र काढून दिलं. शालिकभाऊंनी चष्मा कपाळावर चढवून ते उलटसुलट पाहिलं.

"काहून व माय, एकच डोळा याले?"

"त्याले एकच आहे, आबाजी."

"आन् हात?"

"हात नाहीत. तो कोणाले धरत नाही. नुसता चालते."

"लय गरीब दिसते मंग. याले जाळाचं कसं?" असं म्हणत त्यांनी कमच्या वाकवायला घेतल्या, आणि बघता बघता त्यांच्या ओसरीवर कोहळ्या अवतरला, माणसाच्या छातीइतका उंच, बुडाशी आखूड पाय, आणि मधोमध चुन्यानं रंगवलेला तो एक डोळा, ज्यात राग नव्हताच. शालिकभाऊंची सून सुमन दाराआडून पाहत होती. ती फारशी बाहेर पडत नसे. तिला वाताचा त्रास आहे असं सासरे सांगत, आणि भर उन्हाळ्यातही तिच्या पायांत मोजे असत. तिनं आपलं एक विटकं लुगडं आणून निमूट कोहळ्याच्या पोटात कोंबलं.

मीही घरी गेले आणि कपाट उघडलं. मागच्या हिवाळ्यात रेवा दवाखान्यात भरती होती तेव्हा तिच्या अंगात जो निळा स्वेटर होता, तो मी बाहेर काढला. शाळेत अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी मी, परत येऊन, कुणी पाहत नाही असं बघून तो स्वेटर कोहळ्याच्या पोटात अगदी खोल, गवताच्या आत सारला, आणि मनात म्हटलं, ने बाबा, एवढं ने. मला लाज वाटली नाही. आई झालेल्या माणसाला त्या क्षणी कसलीच लाज वाटत नाही.

मारबतीच्या पहाटे रेवाला नेऊ नये असंच माझं मत होतं. हवेत ओल होती, नदीवर धुकं होतं, आणि गारठा म्हणजे तिच्या दुखण्याला आवतणच. पण मारबतीचा चेहरा तिनं काढलेला होता, आणि ती उंबरठ्यावर बसून राहिली. शेवटी दोन स्वेटर, कानटोपी, मोजे, पाण्याची बाटली असा जामानिमा करून मी तिला घेऊन निघाले. पुढे पोरांच्या खांद्यावर कोहळ्या डुलत होता. गल्लीतून बाहेर पडताच आरोळ्या सुरू झाल्या. कुणी खोकला घेऊन जा म्हणालं, कुणी डेंग्यू, कुणी धानावरचा करपा आणि तुडतुडे. एका खट्याळ पोरानं गणिताच्या सरांचं नाव घेतलं तेव्हा मीही हसू दाबलं. पूर्वेकडे धानाच्या पात्यांवर उजेड नुकता उतरत होता, पावलांखाली चिखल चिकचिकत होता, आणि एवढ्या गलक्यात मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

शिवेवर पळसाच्या झाडाशी कोहळ्याला उभं केलं. शालिकभाऊंनी काडेपेटी काढली. आरोळ्या क्षणभर ओसरल्या, आणि त्या खळग्यात माझ्या शेजारून एक बारीक, स्वच्छ आवाज उठला.

"माहा सिकलसेल घेऊन जाय गे मारबत."

माझ्या अंगातून आधी राग सळसळत गेला. एवढी वर्षं ओठांआड जपलेलं या पोरीनं शिवेवर, चारचौघांत, सांडून टाकलं होतं. तिच्या तोंडावर हात ठेवावा म्हणून मी हात उचललादेखील, आणि तेव्हा पाहिलं, की ती कुणाकडेच पाहत नव्हती. ती कोहळ्याच्या त्या एका डोळ्याकडे पाहत होती, खेळात ओट्याशी थांबून पाहते तशी. माझा हात तिच्या कानटोपीवर जाऊन थांबला.

पोरांना त्या शब्दाशी काय करायचं होतं? त्यांनी खोकल्याला, डेंग्यूला, गणिताच्या सरांना जो सूर दिला होता तोच यालाही दिला. घेऊन जाय गे मारबत. बायका मात्र एकमेकींकडे पाहू लागल्या. आणि त्या पाहण्यातून काही शब्द फुटणार, तोच मागून कुणीतरी बोललं, इतकं हळू की आधी ती आरोळी वाटलीच नाही.

"माहाबी."

सुमन होती. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला, पायांत चिखलानं माखलेले मोजे. शालिकभाऊंच्या बोटांतली पेटलेली काडी तशीच विझली. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एका भिंतीच्या अल्याडपल्याड आम्ही दोन घरं तेच दुखणं झाकून बसलो होतो. त्यांच्याकडे त्याला वात म्हणत, आमच्याकडे अशक्तपणा. मागाच्या खटखटाटात तिचं कण्हणं मला कधी ऐकू आलं नव्हतं, आणि मोबाईलच्या टुणटुणाटात रेवाचं तिला. मला फार रडू आलं. ते दुःखाचं होतं की सुटल्याचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"बोला ना रे पोरंहो," शालिकभाऊ म्हणाले, "माह्या सुनेचंबी बोला." पोरं बोलली. त्यांनी दुसरी काडी ओढली आणि कोहळ्या पेटला, आधी गवत, मग लुगडं, मग आत कुठेतरी लोकरीचा जळका वास उठला, जो फक्त मीच ओळखला.

परतताना सुमन आणि रेवा पुढे चालल्या होत्या. दिवसाला पाणी किती पितेस, गोळी सकाळी घेतेस की संध्याकाळी, असं काहीबाही एकमेकींना विचारत होत्या. घरी आल्यावर रेवानं मोबाईल उघडला आणि मला दाखवला. कोहळ्या आपल्या ओट्यावर होताच. कडेशी आला, थांबला, वळला. मी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. इतके दिवस मी त्याला शत्रू मानत होते, पण त्याची चाल मला ठाऊक नव्हती, कारण मी कधी तेवढा वेळ त्याच्यासमोर उभीच राहिले नव्हते.

मारबतीनं दुखणं नेलं नाही. ते नेणार नाही हे स्वेटर देतानाही मला आतून माहीत होतं. गणपती बसले त्याच आठवड्यात रेवाचे पाय पुन्हा दुखू लागले. सुमन गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि बाजेशी बसली, दोघी मिळून खेळ खेळू लागल्या. बाहेर ऊन पडलं होतं. समोरच्या घरातल्या वहिनी आरतीचं ताट घेऊन जाताना आमच्या दाराशी थबकल्या. "का झालं वो पोरीले?" त्यांनी विचारलं. सवयीनं तो जुना, बरा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला, आणि म्हणाले, "सिकलसेल आहे तिले. या ना आत, बसा."