भिंतीवरचा तळवा

आमच्या संग्रहालयात चित्रांपेक्षा भिंती जास्त चमकतात, कारण त्या चकाचकमामांच्या ताब्यात आहेत. मामा आधी याच घरात, व्यापाऱ्याकडे, झाडलोटीला होते. घर विकलं गेलं, खोल्यांत चित्रं आली, मामा मात्र फडक्यासकट तिथेच राहिले. लोकांच्या मागे मागे पुसत फिरायचे. "मामा, जरा थांबा, लोक अजून गेले नाहीत," असं मी तिकिटाच्या खिडकीतून ओरडायचो.

त्यांची बसायची जागा जुन्या स्वयंपाकघरात. एकदा खुर्ची सरकवली तर मागे भिंतीवर काळपट, तेलकट डाग. मला तर घबाडच मिळालं. म्हटलं, "मामा, तुमच्या राज्यात डाग?"

"डाग नाही तो. तुझी मामी आहे."

मामी या घरची स्वयंपाकीण. गुडघा धरलेला, चुलीपुढून उठताना दरवेळी त्याच जागी हात टेकायची. तीस वर्षांत तळवा उमटला. ती गेली, घर विकायच्या आधीच. मामा रोज सगळी भिंत पुसत, तेवढी जागा सोडून. साहेबांना काय, लेकीलाही सांगायची मात्र लाज वाटायची. डाग ठेवला म्हणून बोलणी बसली असती.

मध्यंतरी मामा तापाने आठ दिवस पडून होते. कामाचा खाडा नको म्हणून लेक आली. तिला बादली घेऊन आत जाताना मी पाहिलं, वर चांगलं कौतुकही केलं.

नवव्या दिवशी तिने बापाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. खुर्ची सरकवली. भिंत कोरी.

"तुमच्या नजरेतून कसा सुटला हो, बाबा? तीन दिवस घासत होते. साहेबांनी बघितला असता म्हणजे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामांनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. त्यांनी लेकीचा हात उलटा करून पाहिला. सोड्याने बोटं सोलवटली होती.

"छान निघालाय," ते म्हणाले. "मला नसतं जमलं."

ती खुशीत घरी गेली. मामा भिंतीजवळ गेले. मग मला विचारलं, नेमका कुठे होता रे? मी म्हटलं, खिडकीच्या कठड्याच्या रेषेत. ते म्हणाले, छे, इतकी उंच नव्हती ती. दाखवायला आम्ही दोघांनीही हात पुढे केले. दोघांची बोटं वेगवेगळ्या जागी टेकली.