'रन' म्हणजे फक्त पळणं नाही!

मंडळी, आज मला नोकरी लागली! चौदा वर्षं घरी होते, शिकले मराठी माध्यमात आणि नोकरी मिळाली इंग्रजी शिकवायची!

सकाळी न्यू पनवेलच्या एका शाळेत सातवीच्या वर्गावर डेमो लेक्चर होतं. फळ्यावर 'रन' लिहिलं, तर वर्ग हसायलाच लागला. "टीचर, हे आम्ही केजीत शिकलो!"

म्हटलं, "मग सांगा, सर्दी झाली की नाक रन होतं, तेव्हा ते पळत कुठे जातं?"

वर्ग खिदळला, पण हात वर यायला लागले. क्रिकेटचे रन आले, वाहता नळ आला, निवडणूकही आली.

मग शेवटच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, माजी आय मच्छीचं दुकान चालवते. त्याला पन रन बोलतात?"

"हो तर! उभी राहा, इंग्रजीत सांग."

"माय मदर रन्स अ शॉप." आधी पुटपुटली, मग मान वर करून मोठ्याने म्हणाली. अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मागे बसलेल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सोमवारपासून या."

रिक्षात मी एकटीच हसत होते. तुम्हाला कोणत्या सोप्या इंग्रजी शब्दाने असं चकवलंय? पटापट लिहा, सोमवारी वर्गात न्यायचाय!